लेट्रोझोलच्या माहितीपत्रकात कर्करोगाचा उल्लेख आहे. गोळी घ्यावी का?

प्रश्न (जुळे सोलापूर): माझे वय २९ असून पीसीओडीमुळे (बीज वेळेवर तयार न होण्याचा संप्रेरकांचा विकार) पाळी दोन-दोन महिने लांबते. बाळासाठी डॉक्टरांनी पाळीच्या तिसऱ्या दिवसापासून पाच दिवस लेट्रोझोल अडीच मिलिग्रॅम लिहून दिली आहे. परंतु नव्या पेठेतून गोळ्या आणल्यावर आतल्या माहितीपत्रकात ‘स्तनाच्या कर्करोगासाठी’ असे वाचले आणि सासूबाईंसह सगळेच धास्तावले. जाऊबाईंना क्लोमिफेन या बीज तयार करणाऱ्या दुसऱ्या गोळीने गुण आला होता, तेव्हा तीच गोळी मागून घ्यावी, असे घरचे म्हणतात. काय करावे?

उत्तर १: ताई, हे औषध मुळात पाळी गेलेल्या स्त्रियांच्या स्तनाच्या कर्करोगासाठी निघाले, हे खरे आहे. मात्र आपल्या वयात ते पाच दिवस घेतले की शरीरातील इस्ट्रोजेन हे स्त्री-संप्रेरक तात्पुरते उतरते, त्यामुळे मेंदूखालची पिट्युटरी ग्रंथी एफएसएच (बीज वाढवणारे संप्रेरक) जास्त सोडते आणि बीजकोशातले फॉलिकल (बीज असलेली छोटी पिशवी) वाढीला लागते. भारतात २०११ मध्ये वंध्यत्वावरील त्याच्या वापराला बंदी होती, ती २०१७ मध्ये उठली; घरातल्या मोठ्यांच्या कानावर तेव्हाचीच चर्चा असण्याची शक्यता आहे. अमेरिकेत पीसीओएस (म्हणजे आपण म्हणता ते पीसीओडी) असलेल्या ७५० स्त्रियांवर झालेल्या आणि २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत लेट्रोझोल घेणाऱ्या २७.५ टक्के, तर क्लोमिफेन घेणाऱ्या १९.१ टक्के स्त्रियांना मूल झाले. जाऊबाईंना गुण आला याचा आनंदच आहे, पण तेवढ्यावरून आपले औषध बदलू नये.

उत्तर २ (होटगी रोड): यजमानांची वीर्यतपासणी झाली का, हे आपण लिहिलेले नाही. ती साधी तपासणी राहून जाते आणि बाई मात्र महिनोन्‌महिने गोळ्या घेत राहते, हे आपल्याकडे फार घडते व त्याचा मला मनापासून राग येतो. गोळी सुरू करण्याआधी तो अहवाल हातात घ्या. थायरॉइड आणि प्रोलॅक्टिन (दूध येण्याशी संबंधित संप्रेरक) तपासले नसेल, तर तेही विचारा.

उत्तर ३: पाळी लांबत असल्याने आधी लघवीची गर्भचाचणी करून दिवस राहिलेले नाहीत याची खात्री करा, कारण गरोदरपणात लेट्रोझोल चालत नाही. गोळ्या संपल्यावर फॉलिक्युलर स्टडीची, म्हणजे फॉलिकलची वाढ पाहणारी, सोनोग्राफी चुकवू नका. फॉलिकल साधारण १८ ते २० मिलिमीटरचे झाले की बीज फुटण्याची वेळ जवळ आली असे समजतात. एकाच वेळी तीन-चार वाढली, तर जुळे-तिळे टाळण्यासाठी त्या महिन्यात बाळासाठीचा प्रयत्न थांबवायला सांगतात. फॉलिकल वाढलेच नाही, तर पुढच्या पाळीत डॉक्टर मात्रा पाच किंवा साडेसात मिलिग्रॅमपर्यंत नेतात, पण उरलेल्या गोळ्या स्वतःहून वाढवून घेऊ नका.