फुकट करसल्ला मागणाऱ्यांना काय सांगावं?

प्रश्न: ओळखीचे लोक ‘एकच छोटा प्रश्न’ म्हणत करसल्ला मागतात. नातं न दुखावता फी कशी सांगायची?

उत्तर १: शेवटची तारीख, लागणारी कागदपत्रं हे खुशाल सांगा. ‘मला कर किती बसेल?’ याचं उत्तर मात्र कागद पाहिल्याशिवाय नको. घर विकल्याचा नफा काढायला खरेदीची तारीख, मूळ किंमत, सुधारणेचा खर्च लागतो. विचारणारा यातलं काहीतरी हमखास गाळतो, आणि नोटीस आली की नाव तुमचं!

उत्तर २: मजकूर तयार ठेवा: ‘कागद पाहून सांगतो. अर्ध्या तासाची फी इतकी. रिटर्नचं काम दिलंत तर बिलातून वजा.’ आकडा पहिल्याच निरोपात हवा, नंतर सांगितला की कुरबुर होते.

उत्तर ३: फुकट सांगितलं म्हणून जबाबदारी टळत नाही. तोंडी बोललात तर त्याच दिवशी मेल करा: काय गृहीत धरलं, काय तपासलं नाही.