मदत हवी आहे: फिरत्या पाळीच्या नोकरीत रोजचे चालणे आणि प्राणायाम कशाशी जोडावेत?

नमस्कार. मी ठाण्यात पाचपाखाडीला राहते आणि नवी मुंबईतील एका रुग्णालयाच्या प्रयोगशाळेत तंत्रज्ञ म्हणून काम करते. आमची पाळी दर आठवड्याला बदलते: सकाळी सात ते तीन, दुपारी तीन ते अकरा आणि त्यानंतर रात्रपाळी. वय सत्तेचाळीस. यंदाच्या तपासणीत माझे एचबीए१सी, म्हणजे रक्तातील साखरेची सरासरी दाखवणारा आकडा, ६.१ टक्के आले. ५.७ ते ६.४ हा मधुमेहपूर्व टप्पा, हे मला कोणी सांगण्याची गरज नव्हती, कारण इतरांचे हेच आकडे काढून देणे हा माझा रोजचा उद्योग आहे. डॉक्टरांनी तूर्तास गोळी सुरू केलेली नाही. नियमित चालणे, पुरेशी झोप आणि मनावरचा ताण कमी करणे यांवर भर देण्यास सांगितले आहे. हा आकडा साधारणपणे मागील तीन महिन्यांची सरासरी दाखवतो, त्यामुळे आठवडाभराच्या उत्साहाने तो हलणार नाही. सवयच लागायला हवी.

अडचण अशी की, सवयींविषयी जे काही वाचायला मिळते ते जवळपास सगळे घड्याळावर उभे असते. पहाटे पाचला उठावे, सूर्योदयाला सूर्यनमस्कार घालावेत, दिवेलागणीला प्रार्थना म्हणावी, दहाच्या आत निजावे. माझा सूर्योदय एका आठवड्यात तुर्भ्याकडे जाणाऱ्या गाडीत, दुसऱ्या आठवड्यात अंथरुणात आणि तिसऱ्या आठवड्यात रक्ताचे नमुने फिरवणाऱ्या सेंट्रिफ्यूज यंत्रासमोर होतो. एखादी गोष्ट अंगवळणी पडू लागते न लागते तोच नवे वेळापत्रक फलकावर लागते.

‘२१ दिवस करा, सवय लागेल’ हा सल्ला कृपया देऊ नये. त्याचे मूळ एका अमेरिकी प्लास्टिक सर्जनने १९६० साली लिहिलेल्या निरीक्षणात आहे. बदललेल्या चेहऱ्याची सवय व्हायला रुग्णांना किमान तेवढे दिवस लागतात, एवढेच त्याचे म्हणणे होते. त्यापेक्षा युनिव्हर्सिटी कॉलेज लंडनचा २०१० मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यास मला अधिक विश्वासार्ह वाटतो. त्यात ९६ स्वयंसेवकांनी एकेक नवी गोष्ट रोज करून पाहिली आणि ती सहजपणे घडू लागण्यास लागलेला काळ १८ ते २५४ दिवस इतका वेगवेगळा निघाला. मधला आकडा ६६. (अभ्यास मात्र ८४ दिवसांचाच होता, म्हणजे २५४ हे गणिताने पुढे वाढवून काढलेले आहे, प्रयोगशाळेत काम करणाऱ्यांची नजर अशा ठिकाणी अडकतेच.) माझ्या उपयोगाच्या गोष्टी त्यात दोन आहेत. एखादा दिवस चुकल्याने फारसे बिघडत नाही, आणि नवी कृती रोज न चुकता घडणाऱ्या एखाद्या घटनेला जोडलेली असावी, उदाहरणार्थ न्याहारीनंतर.

माझ्या बाबतीत अशी घटना एकच आहे, ती म्हणजे कामावरून आल्यावरची अंघोळ. पाळी कोणतीही असो, रक्ताच्या नमुन्यांत आठ तास घालवून आलेली बाई अंघोळ केल्याशिवाय घरात कशाला हात लावत नाही. अंघोळीनंतर देवापुढे निरांजन लावून मनाचे पाच श्लोक म्हणायचे, असे मी ठरवले आणि तेवढे मात्र टिकले आहे. एकूण श्लोक २०५ असल्यामुळे रोज पाच म्हटल्यास ४१ दिवसांत एक आवर्तन होते. सासूबाई तिन्हीसांजेला हरिपाठ म्हणतात. रात्री बारा वाजता कुणी देवाशी बोलत बसावे हे सुरुवातीला त्यांना पटत नव्हते. आता त्या स्वतःच वातीला तूप लावून ठेवतात.

चालणे आणि प्राणायाम यांना मात्र असा आधार सापडत नाही. पहिल्या पाळीत संध्याकाळी आणि दुसऱ्या पाळीत सकाळी कचराळी तलावाच्या फेऱ्या होतात. रात्रपाळीच्या आठवड्यात सगळे कोलमडते. सकाळी आठ-साडेआठला घरी पोहोचल्यावर लगेच चालायला जावे, तर तेच ऊन डोळ्यांवर येऊन पुढे झोप लागत नाही. झोपून उठल्यावर जावे, तर स्वयंपाक आणि मुलाची शिकवणी समोर उभी असते. जागतिक आरोग्य संघटनेने प्रौढांसाठी मध्यम श्रमाचा किमान १५० मिनिटांचा व्यायाम सांगितला आहे, तो आठवड्याचा हिशोब आहे, रोजचा नव्हे, हा एक दिलासा. शिवाय जेवणानंतर दहा-पंधरा मिनिटे चालले तर जेवणानंतरची साखर कमी चढते. म्हणून चालणे अंघोळीऐवजी डब्याला जोडावे असा माझा विचार आहे, कारण कोणत्याही पाळीत डबा खाल्लाच जातो. मग मध्यरात्रीनंतर रुग्णालयाच्या मार्गिकेत चालणे कुणी नियमितपणे केले आहे का, आणि त्याने दिवसाच्या झोपेवर परिणाम झाला का, हे जाणून घ्यायचे आहे.

दुसरा प्रश्न प्राणायामाचा. ठाण्याहून गाडी सुटत असल्याने ट्रान्स-हार्बर या ठाणे-नवी मुंबई लोकल मार्गावर बसायला जागा मिळते. तेथे संथ, दीर्घ श्वसन करता येईल, परंतु प्राणायाम रिकाम्या पोटी आणि शांत जागी करावा असे मला शिकवले गेले आहे. गाडीत केवळ श्वासाकडे लक्ष देणे पुरेसे धरावे का, की अनुलोम-विलोम घरीच, श्लोकांच्या आधी करावेत? योगशिक्षकांनी यावर लिहिल्यास आभारी राहीन.

तिसरे, पाळी बदलते त्या दिवशी तुम्ही नेमके काय करता? परिचारिका, पोलीस, कारखान्यातील कामगार यांचा अनुभव मला विशेष हवा आहे. काढे, चूर्णे आणि येऊरच्या टेकड्या सुचवू नयेत. पहिल्या दोन गोष्टी डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेणार नाही आणि येऊरला अवेळी एकटीने जाणे शक्य नाही. पाचपाखाडी, नौपाडा किंवा तलावपाळीच्या आसपास दुपारी चार-पाचच्या सुमारास चालणारा योगवर्ग माहीत असल्यास जरूर कळवावे.