गच्चीवरून दुर्बिणीत गुरू ग्रहाचे पट्टे दिसेनात, आरसा बदलू का?

जुळेसोलापूर_गच्ची: दुर्बिणीचा ६ इंची एफ/८ (फोकल लांबी व्यासाच्या ८ पट) आरसा, पीव्हीसी पाइपची नळी, प्लायवूडचा डॉब्सोनियन (हातानं फिरवायचा साधा स्टँड), सगळं घरीच केलंय. चंद्र एकदम कडक दिसतो पण गुरू लावला की पाण्यात बुडवल्यासारखा हलतो आणि मोबाइल आयपीसला (डोळ्याकडच्या भिंगाला) लावून फोटो काढला की नुसता पांढरा गोळा. आरसाच बाद आहे का?

आरसेघासू: आरशाला हात लावू नको बे. दिवसभर तापलेला स्लॅब रात्री उशिरापर्यंत गरम हवा सोडतो, ती नळीसमोरूनच वर जाते. खाली मातीत लाव, तासभर आधी बाहेर ठेव. आणि गुरू वर चढू दे की, मिथुनेत असला तर सोलापुरातून जवळजवळ डोक्यावर येतो, तिथं डॉब्सोनियन फिरवताना वैताग येतो ते वेगळं.

रात्रपाळी: पांढरा गोळा म्हणजे एक्स्पोजर (कॅमेऱ्यात जाणारा उजेड) जास्त. मोबाइलच्या स्क्रीनवर गुरूवर बोट दाबून ते लॉक कर आणि पट्टे दिसेपर्यंत कमी कर. फोटो नको, व्हिडिओ घे, ट्रॅकिंग (ग्रहामागं दुर्बीण आपोआप फिरणं) नसलं तरी गुरू दिसणाऱ्या भागातून सरकू दे, पिप नावाचं सॉफ्टवेअर त्याला मधे आणतं, मग ऑटोस्टॅकर्ट हे दुसरं सॉफ्टवेअर चांगल्या फ्रेम निवडून एकावर एक रचून एक फोटो करतं, दोन्ही फुकट. व्हिडिओ दोनेक मिनिटांच्या वर नको, गुरू १० तासांच्या आत एक फेरी मारतो, डिटेल पुसतात.

जुळेसोलापूर_गच्ची: अंगण नाहीये हो. संध्याकाळी स्लॅबवर पाणी मारलं तर?

आरसेघासू: फरक पडतो थोडा. पण आधी नळाला पाणी येतंय का बघ 😄 आणि कोलिमेशन (आरसे नीट एका रेषेत आहेत का) तपास, तारा फोकसबाहेर नेल्यावर गोल एकात एक बसायला पाहिजेत.