मावशीच्या पंचाहत्तरीसाठी डेस्कटॉप: ५५,००० रुपयांत काय घ्यावे?

प्रेषक: मूळचा नौपाड्याचा, सध्या न्यू जर्सी

मंडळाच्या ई-मेल यादीवरील सर्व सभासदांना सप्रेम नमस्कार.

ठाण्यात नौपाड्याला राहणारी माझी मावशी पुढच्या महिन्यात पंचाहत्तर वर्षांची होत आहे आणि त्यानिमित्त तिला एक डेस्कटॉप संगणक भेट द्यावा, असे आम्ही भाचरांनी मिळून ठरवले आहे. मावशीने जन्मभर शाळेत मराठी शिकवले. निवृत्तीनंतर ती मोडी शिकली आणि गेली काही वर्षे घरातल्या जुन्या मोडी कागदांचे देवनागरीत लिप्यंतर करून ते टंकलिखित करते आहे. कागदांची छायाचित्रे एका बाजूला आणि लिखाण दुसऱ्या बाजूला ठेवून ती रोज दोन-तीन तास बसते. सध्याचा संगणक सुरू व्हायला इतका वेळ घेतो, की बटण दाबून ती चहा टाकायला जाते. आतली हार्ड डिस्कही आता करकर वाजू लागली आहे, ही मला अधिक काळजीची गोष्ट वाटते.

लॅपटॉप तिला नको आहे. मान खाली घालून बसवत नाही, आणि मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झाल्यापासून बारीक अक्षर लावायला त्रास होतो. मॉनिटर आणि यूपीएस धरून आमच्याकडे ५५,००० रुपये आहेत. मावसभावाने ठाण्यातल्या तीन दुकानांत चौकशी केली, तेव्हा एकाने सुटे भाग जोडून देतो म्हटले, दुसऱ्याने कंपनीचे तयार यंत्र दाखवले, आणि तिसऱ्याने एका कार्यालयातून निघालेले जुने यंत्र पुसून-तपासून १३,००० रुपयांत देऊ केले. यांपैकी काय घ्यावे, की इथूनच काही न्यावे, याबद्दल आपला सल्ला हवा आहे.

प्रेषक: मूळचे डोंबिवलीचे, एडिसन

नमस्कार. आमच्या कार्यालयातून पुस्तकाएवढे लहान डेस्कटॉप मोडीत निघत आहेत. (मावशीबाईंची मोडी नव्हे, भंगारातली!) एक फुकट मिळेल. कोणी जाणारे असेल तर बॅगेत सहज मावेल आणि आपले पैसे वाचतील.

प्रेषक: नेरूळ, नवी मुंबई (मंडळाचा जुना सभासद)

सप्रेम नमस्कार.

परत येऊन नेरूळला स्थायिक झालो तरी यादीतून नाव काढलेले नाही, ते अशाच प्रसंगांसाठी. डोंबिवलीकरांच्या औदार्याबद्दल आदर ठेवून सांगतो, की तिकडचे यंत्र आणू नये. १८ वर्षांवरील प्रवाशाला एक लॅपटॉप सीमाशुल्काशिवाय आणता येतो, डेस्कटॉपला तशी वेगळी सवलत नाही. तिकडच्या १२० आणि इथल्या २३० व्होल्टचा प्रश्न फारसा मोठा नाही, कारण बहुतेक पॉवर सप्लाय दोन्ही दाब घेतात. पण अमेरिकेतली हमी ठाण्यात कोण पाळणार? शिवाय कार्यालये जी यंत्रे काढून टाकतात, त्यांचे प्रोसेसर बहुधा विंडोज ११ च्या यादीत बसत नाहीत. इंटेलच्या बाबतीत ती यादी आठव्या पिढीपासून सुरू होते आणि टीपीएम २.० या सुरक्षा-चिपची अटही आहे. विंडोज १० चा सर्वसाधारण आधार, म्हणजे सुरक्षेच्या दुरुस्त्या मिळणे, १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. १३,००० रुपयांच्या त्या यंत्रालाही हाच प्रश्न विचारा: प्रोसेसर कितव्या पिढीचा? सहाव्या-सातव्या पिढीचा असेल आणि दुकानदार तरीही विंडोज ११ ‘टाकून देतो’ म्हणत असेल, तर तो नियमाला वळसा घालतो आहे, आणि त्या वळशाचा त्रास पुढे मावशींना होईल.

आता मुख्य मुद्दा. आपण सगळे आधी प्रोसेसर निवडतो आणि उरलेल्या पैशांत मॉनिटर बसवतो. तुमच्या मावशींसाठी हा क्रम उलटा करावा, असे माझे स्पष्ट मत आहे. त्या तीन तास जिच्याकडे बघतात ती वस्तू मॉनिटर आहे, कॅबिनेट नव्हे. २४ इंचांचा, १९२० बाय १०८० ठिपक्यांचा, आयपीएस (बाजूने पाहिले तरी फिका न पडणारा) पडदा घ्या. त्यात छायाचित्र आणि लिखाण शेजारी-शेजारी मावते, आणि अक्षरे १२५ टक्के केली तरी ओळ फार तुटत नाही. पडद्याची उंची कमी-जास्त करता येणारा स्टँड मिळाला तर उत्तम, कारण चष्म्याच्या खालच्या भागातून वाचणाऱ्या माणसाला पडदा उंच असला की हनुवटी वर करून बसावे लागते. ती सोय महाग पडत असेल तर पडदा थेट टेबलावर ठेवावा, त्याखाली शब्दकोश रचू नयेत.

प्रोसेसरबद्दल थोडक्यात सांगतो. टंकलेखन, छायाचित्रे आणि नातवंडांचे व्हिडिओ कॉल यांसाठी इंटेलचा आय-३ १२१०० पुरेसा आहे. चार गाभे (कोअर) आहेत आणि चित्र दाखवण्याची सोय त्यातच आहे. मात्र त्याच क्रमांकाच्या शेवटी ‘एफ’ असेल तर ती सोय नसते आणि वेगळे ग्राफिक्स कार्ड घ्यावे लागते. सुट्या भागांच्या कोटेशनमध्ये हा ‘एफ’ पुष्कळदा स्वस्ताईच्या वेषात येतो. एएमडी घेतल्यास नेमके उलटे आहे: रायझन ५ ५६०० मध्ये चित्राची सोय नाही, ५६००जी मध्ये आहे.

हार्ड डिस्क नको, ५१२ जीबीची एनव्हीएमई एसएसडी (फिरते भाग नसलेली वेगवान साठवण) हवी. चहा टाकायला जाण्याची मावशींची सवय मोडेल ती तिच्यामुळे, प्रोसेसरमुळे नव्हे. रॅम, म्हणजे चालू कामाची मेमरी, १६ जीबी असावी असे मी एरवी म्हटले असते, पण कृत्रिम बुद्धिमत्तेच्या डेटा सेंटरांनी मेमरीची मागणी वाढवल्यापासून तिचे भाव चढले आहेत. ८ जीबीची एकच पट्टी घ्यावी आणि मदरबोर्डवर (आतल्या मुख्य पाटीवर) दुसरी खाच रिकामी आहे, हे डोळ्यांनी बघून घ्यावे. भाव उतरले की तशीच दुसरी लावता येईल.

असेंबल्ड (सुटे भाग जोडलेले) की ब्रँडेड (कंपनीचे तयार), यात माझा कल ब्रँडेडकडे आहे, आणि त्यामागे स्वतःचा अनुभव आहे. मुलीसाठी मी वाशीत असेंबल्ड यंत्र घेतले होते. दुकान जवळचे, माणूस गोड बोलणारा, आणि हाती मिळाली ती कच्ची पावती, जिच्यावर एकाही भागाचा क्रमांक नव्हता. अकराव्या महिन्यात मदरबोर्ड गेला, तेव्हा तो आपल्याच दुकानातला आहे हे त्याने मान्य करेपर्यंत तीन आठवडे गेले. सुटे भाग वाईट नसतात, कित्येकदा तयार यंत्रापेक्षा सरस असतात, पण प्रत्येक भागाची हमी वेगळी असते आणि ती मिळवण्यासाठी घरात कोणीतरी खटपट्या माणूस लागतो. ७५ वर्षांच्या बाईंनी कॅबिनेट रिक्षात घालून दुकानाच्या पायऱ्या चढाव्यात, अशी भेट आपण देऊ नये. घरी येऊन दुरुस्ती करणारी ऑनसाइट हमी असलेले यंत्र घ्या, १८ टक्के जीएसटीसह पक्के बिल घ्या, आणि त्यावर नाव तुमचे नव्हे, मावशींचे असू द्या.

यूपीएस ६०० व्हीए क्षमतेचा पुरे. असे यंत्र आणि पडदा मिळून साध्या कामात १०० वॉटच्या आसपास घेतात, त्यामुळे वीज गेल्यावर लिहिलेले जतन करून यंत्र नीट बंद करायला वेळ मिळतो. त्यातली बॅटरी दोन-तीन वर्षांनी बदलावी लागते, हे आत्ताच सांगून ठेवा.

प्रेषक: मूळचा नौपाड्याचा, सध्या न्यू जर्सी

काका, आपण इतके सविस्तर लिहिलेत, त्याबद्दल मनापासून आभार. एक अडचण मात्र राहिली. मावशीच्या जुन्या फायली दुसऱ्या यंत्रावर उघडल्या की मराठीऐवजी इंग्रजी अक्षरांचा आणि चिन्हांचा काला दिसतो. नव्या संगणकावर तिचे सगळे लिखाण असेच दिसणार असेल, तर भेट देऊन आम्ही तिचे नुकसानच करू.

प्रेषक: मूळची ऐरोलीची, प्रिन्स्टन

नमस्कार. मी देवनागरी मुद्रणाचे काम करते, म्हणून या एका मुद्द्यापुरते लिहिते.

मावशींनी युनिकोडपूर्व फॉन्टमध्ये टंकन केले आहे (युनिकोड म्हणजे सगळ्या लिप्यांच्या अक्षरांना ठरवून दिलेले समान संकेतांक). अशा फॉन्टमध्ये फायलीत प्रत्यक्षात इंग्रजी अक्षरांचे संकेतांकच साठवलेले असतात आणि फॉन्ट त्यांच्या जागी मराठी आकार दाखवतो. फॉन्ट गेला की मराठी गेले. म्हणून जुने यंत्र बंद करण्यापूर्वी त्यातल्या फायलींबरोबर तो फॉन्टही उतरवून घ्या, नाव जसेच्या तसे टिपा, आणि मग त्या फॉन्टसाठीच्या परिवर्तकाने (कन्व्हर्टरने) मजकूर युनिकोडमध्ये आणा. परिवर्तक जोडाक्षरांत आणि रफारात चुका करतात, विशेषतः ‘सुऱ्या’ आणि ‘सूर्या’ यांतल्या ‘र’मध्ये. मावशींच्या डोळ्यांतून ते सुटणार नाही, पण तपासायला वेळ लागेल, याची कल्पना त्यांना आधी द्या.

दुसरी गोष्ट बोटांची. त्या टंकलेखन यंत्रावर शिकल्या असतील तर त्यांच्या बोटांत रेमिंग्टनची मांडणी बसलेली असणार. विंडोजमध्ये मराठीचा इनस्क्रिप्ट कीबोर्ड असतो, उच्चारानुसारी कीबोर्डही २०१९ पासून आहे, पण रेमिंग्टनसाठी वेगळे साधन बसवावे लागते. इनस्क्रिप्ट मांडणी मला स्वतःला आवडते. ‘र’ आणि शिफ्टसह ‘ऱ’, ‘ल’ आणि शिफ्टसह ‘ळ’, अशी तिची शिस्त मराठी शिक्षिकेला पटावी. तरीही पंचाहत्तरीच्या दिवशी कोणाची बोटे बदलायला जाऊ नये. दोन्ही बसवून द्या, निवड त्या करतील.

प्रेषक: मूळचा नौपाड्याचा, सध्या न्यू जर्सी

सर्वांना नमस्कार.

निर्णय झाला, तो कळवतो. १३,००० रुपयांचे यंत्र सहाव्या पिढीचे निघाले, त्यामुळे तो विषय संपला. कंपनीचे तयार यंत्र घेत आहोत: आय-३ १२१००, ८ जीबीची एक पट्टी, ५१२ जीबी एसएसडी, अधिकृत विंडोज ११, कीबोर्ड-माउससह ३७,५०० रुपये. दुसरी खाच रिकामी असल्याचे मावसभावाने झाकण उघडायला लावून पाहिले, तेव्हा दुकानदाराच्या कपाळावर आठ्या पडल्या म्हणे. मॉनिटर ९,२०० आणि यूपीएस ३,१०० रुपयांचा. हे ४९,८०० झाले. उरलेल्या ५,२०० रुपयांत एक बाहेरची हार्ड डिस्क घेऊ, म्हणजे मोडी कागदांच्या छायाचित्रांची दुसरी प्रत कपाटात राहील.

मावशीला हे गुपित ठेवायचे होते, पण ताईंचा रेमिंग्टनचा प्रश्न विचारल्याशिवाय गत्यंतर नव्हते. रेमिंग्टनच हवे, असे उत्तर आले. इनस्क्रिप्ट ‘नंतर बघू’, आणि कीबोर्डवर अक्षरांच्या चिकटपट्ट्या लावायच्या नाहीत, कारण खाली बघून टंकणाऱ्यांना ती शाळेत असल्यापासून हसत आली आहे. जुना फॉन्ट आणि फायली मावसभावाने पेन ड्राइव्हवर उतरवल्या आहेत.

यंत्र शनिवारी सकाळी घरी येईल. काका, आपल्याला जमणार असेल तर नेरूळहून ठाण्याची गाडी पकडून तासभर यावे, ही विनंती. मावसभाऊ हमीचे कागद बघेल, पण पडद्याची उंची कोणीतरी मावशीला खुर्चीत बसवूनच ठरवायला हवी.