मजला नकोच, मागे वाढवा

गोव्यातल्या जुन्या कौलारू घरावर मजला चढवायचा की मागे दोन खोल्या काढायच्या, असं तुम्ही विचारलंय. भिंतींचे चिरे (जांभा दगड) सिमेंटऐवजी मातीच्या गाऱ्यात बसवलेले असतील तर त्या भिंतींवर स्लॅबचा विचारही नको. त्यांनी आजवर फक्त वासे, रिपा आणि कौलांचा भार पेललाय. मागेच वाढवा, पण नवं बांधकाम स्वतःच्या पायावर उभं राहू दे, जुन्या भिंतीत गुंतवू नका.

खरी मेख जुन्या-नव्याच्या सांध्यात. जुन्या छपराचं पाणी नव्या भिंतीवर उतरलं की गळती ठरलेली, आणि आपल्याकडे वर्षाला ३००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस! तिथली पन्हळ रुंद घ्या, आत हात घालून कुजकी पानं काढता आली पाहिजेत. राजांगण, म्हणजे घराच्या मधला उघडा चौक, झाकून खोली करा असं कुणीतरी सुचवलंय, ते बिलकूल करू नका. मधल्या खोल्यांना उजेड-वारा तिथूनच मिळतो.

आणि हो, घर अजून आजोबांच्या नावावर असेल तर आधी वकील गाठा. लग्न झालेल्या आत्याही गोव्यात वारस, आणि बहुधा त्यांच्या यजमानांच्याही सह्या लागतात. पंचायतीचा परवाना त्यानंतर. चतुर्थीला सगळे जमतात, तेव्हाच विषय काढा.