मदत हवी आहे : मुलांनी गॅसशिवाय केलेले दडपे पोहे बिघडतात

आम्ही नाशिकला राहतो. माझी नऊ आणि बारा वर्षांची मुले शाळेतून आल्यावर मधल्या वेळचे खाणे स्वतः करतात. घरी आजी असतात, परंतु त्यांना ओट्याशी फार वेळ उभे राहवत नाही, म्हणून गॅस, मिक्सर आणि सुरी वर्ज्य आहेत, किसणी चालते. धाकट्याला शेंगदाणे चालत नाहीत.

काकडीची कोशिंबीर आता जमते, कारण मीठ आयत्या वेळी घातले की पाणी सुटत नाही, हे त्यांनी एकदा फसल्यावरच ओळखले. द्राक्षांच्या हंगामात दह्यात द्राक्षे घालणे तर त्यांच्या हातचा मळ आहे.

अडते ते दडप्या पोह्यांपाशी. दोन वाट्या पातळ पोह्यांत खवलेले खोबरे, किसलेली काकडी, लिंबू, मीठ आणि साखर कालवून पंधरा मिनिटे ताटाखाली दडपले, तर तळाशी लगदा होतो आणि वरचे पोहे चामट राहतात. मी सकाळी करून ठेवलेली फोडणी गार झाल्यामुळे एकाच जागी बसते. नारळाचे पाणी शिंपडूनही पाहिले. फरक पडला नाही.

एवढ्या पोह्यांना ओलावा नेमका किती, काकडी पिळून घ्यावी का, आणि गार फोडणी दडपण्याआधी घालावी की नंतर?