रिकॉल: स्क्रीन आपली, कागद दुसऱ्याचे

विंडोजमधलं रिकॉल म्हणजे आपल्या स्क्रीनचे फोटो आपोआप काढून साठवणारी सोय. त्याबद्दल "लपवायचं काही नसेल तर भ्यायचं कशाला?" असं काही जण म्हणतात. अहो भाऊ, नागपुरात धरमपेठेतल्या एखाद्या सीएच्या ऑफिसात जुलैत बसून पाहा. स्क्रीनवर दिवसभर दुसऱ्यांचेच पॅन, आधार, बँक स्टेटमेंट. रिकॉल चालू असलं की दर काही सेकंदांनी त्यांचेच स्नॅपशॉट, म्हणजे स्क्रीनचे फोटो, साठणार.

मे २०२४ मध्ये ते जाहीर झालं, तेव्हा सगळा मजकूर साध्या, कुलूप नसलेल्या डेटाबेसमध्ये पडत होता. बोंबाबोंब झाल्यावर एन्क्रिप्शन, म्हणजे त्या मजकुराला कुलूप, आलं, चालू करायचं की नाही हेही आपल्या हातात आलं. मान्य. पण क्लायंटला कोणी विचारलं? सिग्नल या मेसेजिंग ॲपनं २०२५ मध्ये विंडोजवर आपली विंडो स्क्रीनशॉटपासून झाकली, ते काय उगाच?

सीताबर्डीतून नवा लॅपटॉप घेताना 'कोपायलट प्लस' लिहिलंय का बघा; रिकॉल अशाच मशीनवर येतं. असेल तर सेटिंग्जमध्ये 'प्रायव्हसी अँड सिक्युरिटी'खाली 'रिकॉल अँड स्नॅपशॉट्स' तपासा. जुन्या मशीनवर रिकॉल येतच नाही.